चैत्रात जायचं की वैशाखात?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



कवी माणसाला रेडिओवर बोलायला बोलावलं, की तो वसंत ऋतूवर बोलणार असं लोक धरूनच चालतात. पळस, पांगारा, कोकिळा वगैरे. मीही आज वसंतावरच बोलणार आहे, पण कारण जरा वेगळं आहे. 2025 साली आमच्या घरात एक वाद झाला. मुलांना घेऊन थीम पार्कला जायचं, तर ते मार्चअखेरच्या सुट्टीत जायचं की मे महिन्याच्या? म्हणजे चैत्रात की वैशाखात? ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. पण आमच्याकडे हा वाद तीन महिने चालला, आणि त्यातून माझी एक जुनी कविता खोटी ठरली. ते पुढे सांगतो.

आधी घराची ओळख. मी कळवणचा. नाशिकपासून सुमारे 80 किलोमीटर. सप्तशृंगीचा गड आमच्याच तालुक्यात. तालुक्याचं पोट कांद्यावर. घरात आम्ही दखनी बोलतो, गल्लीत अहिराणी आणि मी कविता मराठीत करतो. बी. ए. झाल्यावर नोकरी मिळाली नाही म्हणून वह्यापुस्तकांचं दुकान टाकलं, ते अजून चालू आहे. या धंद्यात वर्षाची कमाई मेअखेर ते जूनअखेर एवढ्या एका महिन्यात होते. बाकी अकरा महिने पेन, पट्टी आणि परीक्षेचे पॅड. थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो, ते शेती करतात. अडीच एकर. त्यांचा नातू बारा वर्षांचा, कळवणच्याच मराठी शाळेत सहावीला होता. माझी मुलगी नाशिकला दिलेली. तिची मुलगी नऊ वर्षांची, तिथल्या एका सीबीएसईच्या शाळेत. ही दोन्ही मुलं एकमेकांची जिवलग. त्यांच्या सुट्ट्या मात्र एकमेकांना भेटत नाहीत, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मार्चचा एक रविवार होता. रमजान चालू होता. मुलगी आणि नात आमच्याकडे इफ्तारला आल्या होत्या, भाईजानचं घरही होतं. खजूर तोंडात टाकतानाच नात म्हणाली, ‘नाना, आमच्या वर्गातले सगळे सुट्टीत इमॅजिकाला चाललेत.’ इमॅजिका म्हणजे खोपोलीजवळचं, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या बाजूचं ते मोठं थीम पार्क. 2013 साली सुरू झालं. भाईजानचा नातू तिच्याकडे बघत होता, पण बोलला काहीच नाही.

मी विचारलं, ‘सुट्टी कधी?’ ती म्हणाली, ‘मार्च संपतो तेव्हा.’ तिच्या शाळेत जुनं वर्ष मार्चमध्ये संपतं, आठ-दहा दिवस सुट्टी असते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवीन वर्ग भरतो. आपल्या मराठी शाळांना वसंताची सुट्टी नाही. होळी, पाडवा, रामनवमी असे सुटे सुटे दिवस मिळतात. त्यात 2025 साली राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 8 ते 25 एप्रिल अशा ठेवल्या होत्या आणि निकाल 1 मेला. म्हणजे एकीची सुट्टी संपत आली की दुसऱ्याची परीक्षा सुरू. एका घरातल्या दोन मुलांना दोन बोर्डांत घातलं की काय होतं, हे शिक्षणतज्ज्ञांनी आमच्या ओट्यावर येऊन बघावं.

मग तारखा काढल्या. भिंतीवर आमच्याकडे कालनिर्णयही असतं आणि चाँदरातीसाठी मशिदीतून मिळालेला तक्ताही. त्या वर्षी गुढीपाडवा 30 मार्चला होता आणि ईद 31 मार्चला. एका दिवशी शेजारून श्रीखंड आलं, दुसऱ्या दिवशी आमच्याकडून शीरखुर्मा गेला. असा योग सारखा येत नाही. हिंदू पंचांगात दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून चांद्रवर्ष ऋतूंशी जुळवून घेतात, त्यामुळे पाडवा कधी पावसाळ्यात जात नाही. आमचं हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं. ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंची एक फेरी पूर्ण करतं. माझी मुलगी 1993 साली जन्मली. त्या वर्षीही ईद मार्चअखेरीसच होती. म्हणजे तिच्या आयुष्यात रमजान पावसात, थंडीत, कडक उन्हात असा सगळीकडे हिंडून पुन्हा चैत्राच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

पण पार्कला जायच्या दृष्टीनं ते अडचणीचंच. बायको म्हणाली, ‘रोज्यात काय पाळण्यात बसायचं? पाण्याचा घोट घेता येत नाही, आणि तिथं पाण्यात उड्या मारायच्या?’ मुलगी म्हणाली, ‘रोज्यात नाही अम्मी, ईद झाल्यावर. 2 एप्रिल, बुधवार. अजून सुट्टी आहे.’

श्रोतेहो, तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तुमच्यापैकी कुणाला मुलांना न्यायचं असेल तर तिचं म्हणणं ऐकून ठेवा. मार्च संपता संपता आणि एप्रिलच्या सुरुवातीला राज्यातली बहुतेक पोरं परीक्षेच्या तयारीत अडकलेली असतात, म्हणून मधल्या वारी अशा ठिकाणी गर्दी कमी. शनिवार-रविवारपेक्षा तिकीटही बहुधा स्वस्त. रांगेत कमी उभं राहावं लागतं म्हणजे तेवढ्याच पैशांत मुलांचे चार पाळणे जास्त होतात. ऊन असतं, पण मेसारखं अंगावर येत नाही. याउलट 1 मेला निकाल लागला की अख्खा महाराष्ट्र एकदम मोकळा होतो. खोपोली घाटाच्या पायथ्याला, तिथला उकाडा आपल्या देशावरच्यासारखा कोरडा नाही, घामाचा आहे. मेच्या बाजूनं बोलायचं तर एकच मोठी गोष्ट, पाणी. वॉटर पार्कची मजा अंग भाजत असतानाच येते.

दूरच्या लोकांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. वॉल्ट डिस्नेनं कॅलिफोर्नियात पहिलं डिस्नेलँड उघडलं ते 17 जुलै 1955 ला, भर उन्हाळ्यात. इतकं ऊन होतं की नुकतंच टाकलेलं डांबर मऊ झालं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतून बसल्या. त्यातच प्लंबरांचा संप झालेला. संडास चालू करायचे की प्यायच्या पाण्याचे नळ, एवढाच पर्याय उरला होता आणि डिस्नेनं संडास निवडले. माझ्या मते बरोबर निवडले. पाण्यावाचून लोक शिव्या देतात, दुसऱ्या गोष्टीवाचून काय करतात ते सांगायला नको. पुढे फ्लोरिडातलं त्यांचं मोठं पार्क 1 ऑक्टोबर 1971 ला उघडलं, तेव्हा मुद्दाम कमी गर्दीचा महिना धरला होता. तिथल्या आईबापांपुढेही पेच हाच. वसंतात जावं तर ईस्टरची गर्दी, उन्हाळ्यात जावं तर दमट उकाडा आणि दुपारची वादळी सर, मग उघड्यावरचे पाळणे बंद.

आणि ईस्टर तरी काय? 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. म्हणजे त्यांची सुट्टीही चंद्रच ठरवतो. 2025 साली ज्या पौर्णिमेला आमच्या गडावर चैत्राच्या यात्रेचा शेवट झाला, त्याच पौर्णिमेवरून पुढच्या रविवारचा, 20 एप्रिलचा ईस्टर ठरला होता.

गडाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा भरते. सगळा खानदेश पायी येतो. धुळं, जळगाव, मालेगावकडची माणसं डोक्यावर टॉवेल, पायात फाटक्या चपला, कुणी अनवाणी, डांबरी रस्त्यानं कळवणवरून नांदुरीला जातात. आमच्या दुकानासमोर पाण्याचा माठ असतो त्या दिवसांत. आपल्याकडे सर्वांत मोठी सहल ही अशी भर उन्हातच निघते, आणि ‘ऊन कमी झाल्यावर जाऊ’ असं म्हणणारा मला तरी कुणी भेटलेला नाही. पौर्णिमा आली की निघायचं. 2018 पासून गडावर चढायला फ्युनिक्युलर ट्रॉली झाली आहे. माझ्या नातीनं आयुष्यात पहिला ‘पाळणा’ म्हणाल तर ती ट्रॉलीच. खाली उतरल्यावर ‘अजून एकदा’ म्हणून रडली होती.

तर मुलीचं म्हणणं 2 एप्रिल. पण भाईजानच्या नातवाची परीक्षा 8 तारखेला, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे कांदा. उन्हाळ कांद्याची काढणी मार्चअखेर सुरू होते. पात पिवळी पडली, माना मोडल्या की थांबता येत नाही. मजूर मिळाले त्या दिवशी उपटायचा, पात कापायची, सावलीत सुकवायचा आणि मग चाळीत भरायचा. नीट सुकलेला कांदा चाळीत दिवाळीपर्यंत टिकतो, ओला गेला तर शेजारच्यालाही सडवतो. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात बारा वर्षांचं पोरगं म्हणजे एक पूर्ण माणूस. भाईजान म्हणाले, ‘तुम्ही जाऊन या. आमचं मेमध्ये बघू.’ नात म्हणाली, ‘दादा नसेल तर मी नाही जाणार.’ दादा म्हणजे तोच बारा वर्षांचा.

मी ताबडतोब निकाल दिला. मे. सगळ्यांना जमेल असा मे. 10 मेपर्यंत कांदा चाळीत, निकाल हातात, माझ्या दुकानाची घाई अजून दोन आठवडे दूर. 13 मे, मंगळवार. वयानं मोठा म्हणून आणि थोडा कवी म्हणूनही, मला न्याय दिल्यासारखं वाटलं.

मुलगी ताटं उचलता उचलता एवढंच म्हणाली, ‘अब्बा, तुमचा मे मला माहीत आहे.’

ते वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. ती आठ-दहा वर्षांची होती तेव्हा सगळीकडे एस्सेलवर्ल्डची हवा होती. गोराईचं ते पार्क 1989 पासूनचं. टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की पोरं हातातलं सोडून धावायची. बोटीनं खाडी ओलांडून जायचं, याचंच मुलांना अर्धं अप्रूप. मी दरवर्षी म्हणायचो, नेतो. 2001 ते 2005 ही वर्षं आठवा, तेव्हा रमजान बरोबर दिवाळीच्या आसपास येत होता. दिवाळीची सुट्टी रोज्यांत जायची. आणि मे? मेमध्ये नाशिकहून वह्यांचे गठ्ठे यायचे, उधारीवर. ते खपले तर जूनमध्ये देणं फिटायचं. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी माल लवकर भरू, मग मे मोकळा. तो मे कधी मोकळा झालाच नाही. ती मोठी झाली, लग्न झालं, आणि काही वर्षांपूर्वी ते पार्कही बंद पडलं.

मध्ये एकदा, 2003 साली, शेजारचं एक कुटुंब एस्सेलवर्ल्डला चाललं होतं. तिला न्यायला तयार होते. तिकिटाचे पैसे तेवढे द्यायचे. मी तिला विचारलं, जातेस का? ती म्हणाली, ‘नको. मला बोटीची भीती वाटते.’ मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. आणि वर मी त्यावर कविता लिहिली. पाण्याला भिणाऱ्या मुलीची. बऱ्याच कविसंमेलनांत ती वाचली, लोकांनी वाहवा केली, एक-दोन बायकांनी डोळे पुसले.

असो. मे 2025 कडे येऊ.

त्या मेमध्ये काय झालं ते नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासूनच अवकाळी पाऊस सुरू झाला. दुपारपर्यंत ऊन, चारला आभाळ काळं आणि मग वारा, विजा, गारा. कळवण, देवळा, बागलाण, सगळीकडे तेच. भाईजानचा निम्मा कांदा चाळीत गेला होता, निम्मा काढून शेतात पोळी घातलेला. आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन धावलो. मीसुद्धा. माझ्या हातून कांद्यावर ताडपत्री नीट बसत नाही, वाऱ्यानं उडते, हे त्या दिवशी सगळ्या शिवारानं पाहिलं. 13 तारखेला आम्ही पार्कला जायचे होतो, त्या दिवशी सकाळपासून भिजलेला कांदा निवडत बसलो होतो. चांगला एकीकडे, मऊ पडलेला एकीकडे. भाईजानचा नातू माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं निवडत होता. बोटानं दाबून न बघता, नुसत्या वजनावरून त्याला कळायचं.

भाव तेव्हा क्विंटलला हजार-बाराशेच्या आसपास घुटमळत होता. भिजलेल्याला त्याहून कमी. 1 एप्रिलपासून निर्यातीवरचं 20 टक्के शुल्क उठलं होतं, म्हणून लोकांनी आशा धरली होती. पण पावसानं चाळीत ठेवण्याजोगा मालही बाजारात आणायला लावला. आणि हा पाऊस सरता सरला नाही. 26 मे 2025 ला मोसमी पाऊस मुंबईत पोचलासुद्धा. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो तिथं कधी पोचला नव्हता. म्हणजे वैशाख संपायच्या आत पावसाळा. आमचा ‘ऐन उन्हाळा’ कॅलेंडरवर राहिला आणि आभाळातून गेला.

मेच्या शेवटी मुलगी माहेरी आली. पाऊस थोडा थांबला होता. नातीनं पुन्हा विषय काढला. मी म्हणालो, ‘आता दुकानाचा सीझन सुरू झाला बेटा, दिवाळीत बघू.’ भाईजान गप्प होते. मी त्यांना आत नेऊन म्हणालो, ‘भाईजान, पोराचं तिकीट मी काढतो.’ ते म्हणाले, ‘तू धाकटा आहेस. धाकट्यानं थोरल्याच्या नातवाचं तिकीट काढायचं, असं आपल्यात कधी झालंय का?’ मग बाहेर येऊन नातवाला विचारलं, ‘काय रे, जायचंय का तुला?’

पोरगं म्हणालं, ‘नाही. मला चक्कर येते. एस.टी.तसुद्धा उलटी होते.’

श्रोतेहो, हे पोरगं कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, गोण्यांच्या टोकावर बसून बाजार समितीत जातं. झोपतं सुद्धा त्यावर. त्याला चक्कर येते?

मी काही बोलणार एवढ्यात माझी मुलगी उठली. त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि दखनीत म्हणाली, ‘मीपण असंच म्हणाले होते. बोटीची भीती वाटते म्हणून. मला बोटीची काही भीती नव्हती. त्या वर्षी अब्बांच्या वह्या विकल्या गेल्या नव्हत्या.’

मी तिथंच होतो. बावीस वर्षांनी मला ते कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, ती त्याच्याशी बोलत होती. दहा वर्षांच्या मुलीनं घरातली उधारीची वही वाचली होती, आणि मी, जो शब्दांवर जगल्याचा दावा करतो, त्यानं तिचा शब्द जसाच्या तसा धरून त्याची कविता केली. ती कविता मी त्यानंतर कुठं वाचलेली नाही. संग्रहात आहे, ती काही काढता येत नाही.

मग तारीख तिनं ठरवली. तिच्या मुलीची शाळा उघडायला दोन-तीन दिवस होते, कळवणच्या शाळा 16 जूनला उघडणार होत्या. 7 जूनला बकरी ईद झाली. 10 जून, मंगळवार. मी म्हणालो, ‘अगं, शाळा उघडायच्या आधीचा आठवडा! माझ्या वर्षभरातला सगळ्यात मोठा आठवडा आहे तो.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच.’

मी पाऊस आडवा घालून पाहिला. पण पावसानंही साथ दिली नाही. मेअखेर जोरात आलेला मान्सून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अडखळून थांबला होता. पेपरात रोज तेच, मान्सून रखडला. शेतकरी पेरणीसाठी आभाळाकडे बघत होते आणि मी दुकानासाठी.

भाईजानकडे ती स्वतः गेली. काय बोलली मला माहीत नाही. 10 तारखेला पहाटे साडेतीनला गाडी दाराशी आली तेव्हा नातू नवा शर्ट घालून उभा होता, आणि त्याच्या पायाशी कांद्याची एक गोणी. चांगला, निवडलेला कांदा. भाईजान म्हणाले, ‘नाशिकला हिच्या घरी उतरवा. आमचा हिस्सा.’

दुकानाच्या शटरवर मी कागद चिकटवला होता: ‘आज दुकान बंद राहील.’ कारण लिहिलं नाही. ‘पाळण्यात बसायला गेलो’ असं पन्नाशी उलटलेल्या माणसानं जूनमध्ये कसं लिहावं?

नाशिकहून कसारा घाट उतरून शहापूर, मुरबाड, कर्जत करत खोपोली. नातू सबंध रस्ता खिडकीशी बसून होता. उलटी सोडाच, वाटेत वडापाव खाल्ला दोन. घाटाखाली हवा बदलली, अंग चिकट झालं, डोंगर मात्र मेच्या पावसानं आधीच हिरवे झालेले. वटपौर्णिमा होती. मुरबाडच्या पुढे एका वडाखाली नटलेल्या बायका सूत गुंडाळत होत्या.

पार्कात काय काय आहे ते मी सांगत नाही. तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. फक्त एक सांगतो. तिथं नायट्रो नावाचा एक रोलर कोस्टर आहे. पायाखाली तळ नाही, पाय लोंबकळत असतात आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. देशातल्या मोठ्यांपैकी एक. अशा पाळण्यांना उंचीची अट असते, दाराशीच मापाची खूण असते. नातवाची उंची पुरेशी भरली. नात कमी पडली, दोन बोटं. तिनं टाचा उचलून पाहिल्या, मग वेणी डोक्यावर धरून पाहिली. नाही. कुणाला तिथं दयामाया नाही, आणि नसावीच. मी मनात म्हटलं, बरं झालं एप्रिलमध्ये आलो नाही, तेव्हा तीन बोटं कमी पडली असती. पण लगेच हेही लक्षात आलं, की हिची आई अशा खुणेशी कधी उभीच राहिली नाही. तिची उंची भरली कधी, वाढली कधी, मला पत्ता नाही. मी पुढच्या मेचं बोलत राहिलो होतो.

नातवाबरोबर कोण बसणार? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, दाराशी पाटीच लावलेली असते. बायकोनं लांबूनच हात जोडले. मुलगी म्हणाली, ‘मी बसते.’ तिनं पर्स, मोबाइल, ओढणी माझ्याकडे दिली. दोघांनी चपला काढल्या. मी खाली, एका हातात त्या चपला, दुसऱ्या हातात फुगून बसलेली नात.

गाडी वर चढायला लागली तशी करकर ऐकू येत होती. बत्तीस वर्षांची माझी मुलगी आणि बारा वर्षांचं ते पोरगं. टोकाला पोचल्यावर क्षणभर थांबल्यासारखं वाटलं, आणि मग खाली. सगळे ओरडत होते, त्यामुळे त्यात आपलं कोण हे कळत नव्हतं. नात म्हणाली, ‘नाना, ते बघा, अम्मी रडतेय की हसतेय?’ मला चष्म्यातूनही दिसलं नाही.

उतरल्यावर दोघांचे केस उभे होते. नातू म्हणाला, ‘छोटे दादा, चक्कर नाही आली.’ मुलगी काही बोलली नाही. चपला घालताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, आणि मग म्हणाली, ‘अजून एकदा बसू?’ रांग फार नव्हती. ते पुन्हा गेले.

रात्री कसारा घाट चढताना पौर्णिमेचा चंद्र होता, ढगांत मधूनमधून. दोन्ही मुलं एकमेकांवर झोपली होती. झोपायच्या आधी नातीनं विचारलं होतं, दोन बोटं वाढायला किती दिवस लागतात? मी म्हणालो, पाडव्याला दुकानाच्या चौकटीवर मोजू.

बुधवारी सकाळी आठला शटर उघडलं तेव्हा कागदाखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: ‘सहावीचे संच पाहिजे होते. दुसरीकडून घेतले.’ पहिलं गिऱ्हाईक आलं, अभोण्याकडचे एक ओळखीचे पालक. म्हणाले, ‘काल बंद कसं काय? जूनमध्ये? घरी सगळं ठीक ना?’

मी म्हणालो, ‘ठीक आहे. पाळण्यात बसायला गेलो होतो.’

त्यांना ते खरं वाटलं नाही. चौथीच्या वह्या डझनावर घेतल्या आणि गेले.